अंतराचे पोतडे

लष्कर, ग्वाल्हेर
११ नोव्हेंबर २०२४

प्रांजली,

आशीर्वाद आहेतच, फोन आधी कोणी ठेवला यावर ते अवलंबून नसतात. (मी ठेवला. मान्य.)

फोनवर तुझं-माझं सरळ बोलणं होत नाही. राघव तो स्पीकरवर टाकतो, मध्येच "अगं आई, अगं आई" करतो आणि मुद्दा हरवतो. म्हणून पत्र. पत्रात कोणी मध्ये बोलत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, राग आला की बसून लिहा, निदान व्याकरणाकडे तरी लक्ष जाईल. शिवाय ग्वाल्हेरहून पुण्याला स्पीड पोस्ट चार दिवस घेतं. तेवढ्यात दोघींची डोकी निवतील.

आता मुद्दा. अंतरा चार महिन्यांची झाली आणि तुम्ही ठरवलं की यापुढे तिला बाजारातले डायपर नाहीत, फक्त कापड. हे तू अशा थाटात सांगितलंस की जणू कापडाचा शोध परवाच लागला. मागून चिरंजीव म्हणाले, "आई, मी लहान असताना तू हेच तर करायचीस!"

हो, करायचे. म्हणूनच सांगते, करू नका.

माझ्या नातीला मला पोतड्यांत गुंडाळलेलं पाहायचं नाही. तुझ्या आईंनी साताऱ्याहून चाळीस पोतडे शिवून पाठवले, त्यांच्या हौसेला नमस्कार. पण ते कपाटातच राहू देत. माझी दोन वर्षं पोतड्यांत गेली. तुझी जाऊ नयेत. सहा जानेवारीला तू ऑफिसला परत रुजू होणार आहेस. ती तारीख मी आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तांबड्या पेनाने गोल करून ठेवली आहे. तिच्या आड काहीही आलेलं मला चालणार नाही.

एकच प्रश्न विचारते, आणि तो ऐच्छिक नाही. धुणार कोण? उत्तर पूर्ण वाक्यात लिहावे.

शामला

*

पुणे
२० नोव्हेंबर २०२४

ती. आई,

नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मी चुकीचं वाचते आहे. तिसऱ्यांदा खात्री झाली.

माझ्या आईने शिवलेल्या बाळोत्यांना तुम्ही पोतेरी म्हणालात. तुमच्याकडे पोतडे म्हणत असतील, अर्थ तोच. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. तिने स्वतःच्या नेसत्या सुती साड्या काढल्या, त्यातला मऊ भाग निवडला, आणि प्रत्येक कड आत वळवून हाताने शिवली, बाळाला शिवण टोचू नये म्हणून. ती फरशी पुसायची फडकी नाहीत, आई. मी हे तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

कापड का, तेही लिहिते. अंतराच्या मांड्यांवर पुरळ उठत होतं, हे एक. पण खरं कारण दुसरं आहे. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला एक ताई येतात. ओला-सुका वेगळा करताना एके दिवशी आमची पिशवी फुटली. त्यांच्याकडे हातमोजा एकच होता, आणि तो दुसऱ्या हातात होता. अंतराचं डायपर त्यांनी माझ्यासमोर उघड्या हाताने उचललं. मी "सॉरी" म्हणाले. त्या म्हणाल्या, "त्यात काय ताई, रोजचंच आहे." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या मुलीचं मी दुसऱ्या कुणाच्या हातात देते आहे आणि मला ते दिसत नव्हतं, एवढंच मनात येत राहिलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आम्ही दोघं मिळून धुतो. वाक्य पूर्ण आहे.

प्रांजली

*

लष्कर, ग्वाल्हेर
२७ नोव्हेंबर २०२४

प्रांजली,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. मग तुझ्या सासऱ्यांना हाक मारून त्यांना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "शामला, अब भुगतो."

अगं बाई, पोतडा म्हणजे पोतेरं नव्हे! ग्वाल्हेरात बाळाच्या लंगोटाला पोतडा म्हणतात. हिंदी शब्द आहे. आमची मंडळी दख्खनेतून इकडे आली त्याला इतक्या पिढ्या झाल्या की कोणता शब्द बरोबर आणला आणि कोणता इथे उचलला, हे आता आम्हालाच सांगता येत नाही. माझ्या सासूबाई सोवळ्यातसुद्धा पोतडेच म्हणायच्या. मी आयुष्यभर मुलींच्या निबंधांतले चुकीचे शब्द खोडले, आणि माझाच शब्द असा जाऊन तुला लागला. तू माझ्याविषयी आठ दिवस काय काय विचार केला असशील याची कल्पना करते आहे. बराचसा मला शोभलाही असेल.

सॉरी. हा शब्द मला लिहिता येतो. आणि कड आत वळवून शिवणारी बाई काय योग्यतेची असते, तेही मला कळतं. तुझ्या आईंना मी वेगळं पत्र घातलं आहे, कारण न सांगता. नुसतंच कौतुक आहे, घाबरू नकोस.

त्या कचरा नेणाऱ्या ताईंबद्दल तू लिहिलंस ते मान्य. त्यावर वाद घालणार नाही.

पण माझा विरोध अजून आहे, आणि तो कुठून येतो ते तुला माहीत असावं.

राघव शहाऐंशीच्या नोव्हेंबरमधला. तू लग्नाला इथे मे महिन्यात आलीस, त्यामुळे इथला जानेवारी तुला माहीत नाही. दुपारी बारापर्यंत धुकं हटत नाही. छतावर (म्हणजे गच्चीवर, नाहीतर तू पंख्याकडे बघशील) वाळत घातलेले पोतडे संध्याकाळी जितके ओले, तितकेच दुसऱ्या सकाळी. मग अंगीठीभोवती खुर्च्या मांडून त्यांच्यावर ते पसरायचे. घराला वास, माझ्या केसांना वास. नळाला सकाळी तासभर पाणी, त्यातच सगळं उरकायचं. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. मीठ हाताळलं की डोळ्यांत पाणी यायचं.

त्या जानेवारीत शाळेतून चिठ्ठी आली. लग्नाआधी मी तिथे दोन वर्षं हंगामी शिकवलं होतं. पाचवीच्या बाई अचानक सोडून गेल्या होत्या. सिस्टर प्रिन्सिपलनी लिहिलं होतं, जागा कायमची आहे, सोमवारपासून या. सासूबाई मूल सांभाळायला तयार होत्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. फक्त म्हणाल्या, "लेकरू मी बघीन, पोतडे नाही. माझे गुडघे गेलेत." खरंच गेले होते. तुझे सासरे तिथेच पेपर वाचत बसले होते. पेपरामागून काही आवाज आला नाही. मी सिस्टरना सुंदर अक्षरात नकार कळवला. पुन्हा त्या शाळेत गेले ती नऊ वर्षांनी. तोवर माझ्यानंतर लागलेल्या मुली माझ्या सुपरवायझर झाल्या होत्या, आणि माझी रजा मंजूर करताना त्यांना संकोच वाटायचा.

आता तुझं उत्तर. "आम्ही दोघं मिळून." प्रांजली, मी पाव शतक शिकवलं आहे. ज्या वहीत "आम्ही सर्वांनी मिळून तक्ता बनवला" असं असायचं, तो तक्ता एकाच मुलीने बनवलेला असायचा, आणि ते वाक्यही तिनेच लिहिलेलं असायचं.

पुन्हा प्रयत्न कर.

शामला

*

पुणे
६ जानेवारी २०२५

ती. आई,

उत्तराला फार उशीर झाला. आज सहा तारीख. तुमच्या कॅलेंडरवरचा गोल दिवस आहे आणि मी घरी बसून हे लिहिते आहे, यातच तुम्हाला कळलं असेल.

रजा मार्चपर्यंत वाढवून घेतली आहे. त्यापुढे जाईन की नाही, माहीत नाही. माझ्या साहेबांनी समजून घेतलं. फार लवकर समजून घेतलं, तेच जरा लागलं.

तुमचं तक्त्याचं बरोबर होतं. सकाळी पाचला मी उठते. मशीन आहे, पण मशीनआधीचं काम मशीन करत नाही. आमच्या कामाच्या बाई म्हणाल्या, बाकी सगळे कपडे टाकीन, हे नाही. मी आग्रह केला नाही. कचऱ्यावाल्या ताईंच्या हातून काढून तेच बाईंच्या हातात द्यायचं, तर मग मी केलं काय?

एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही. मला ते काम आवडतं. ओली झाली की अंतरा लगेच पाय झाडते, ओठ काढते. आता मला तिच्या तोंडावरूनच कळतं. डायपरमध्ये ती तासन्‌तास गप्प पडून असायची आणि मला वाटायचं, किती शहाणी मुलगी. पुरळ गेलं. दुपारी बाल्कनीतून कापडं काढून आणते तेव्हा ती गरम असतात, आणि ती घड्या करताना मन कसं शांत असतं. फक्त त्या शांततेत, आपण आणखीही काही करत होतो याची आठवण हळूहळू कमी होते. मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एकीचा फोन आला. ती जे बोलत होती त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मी "हो, हो" म्हणत राहिले.

राघवला काही बोलू नका, एवढी विनंती आहे. तो वाईट नाही. नवीन प्रोजेक्ट आहे, तीन दिवस घरून काम करतो तरी दार लावूनच असतो. त्याने कधी "नाही" म्हटलेलं नाही. त्याला फक्त दिसत नाही.

प्रांजली

*

लष्कर, ग्वाल्हेर
१३ जानेवारी २०२५

प्रांजली,

बाहेर धुकं आहे आणि मी तुझं पत्र घेऊन तासभर नुसती बसून होते. मला इतका वेळ बोलल्यावाचून बसलेली पाहून ह्यांनी दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

तू लिहिलंस, तुला काम आवडतं. मला पटणार नाही असंही लिहिलंस. पटलं. इतकी वर्षं मी कापडावर राग धरून बसले होते. बाजारात डायपर आले तेव्हा शाळेतल्या प्रत्येक तरुण शिक्षिकेला मी ते घ्यायला लावले, जणू त्यांना तुरुंगातून सोडवते आहे. कापडाने माझं काय वाईट केलं होतं? ते बिचारं धुतलं की स्वच्छ होत होतं. राग धरायचा होता तो पेपरामागच्या शांततेवर. तिथे मी तो धरला नाही, कारण त्या माणसाबरोबर मला राहायचं होतं. कापडाबरोबर राहायचं नव्हतं.

काल ती चिठ्ठीची हकिगत पुन्हा काढली. विचारलं, "तुम्ही तेव्हा एक शब्द का बोलला नाहीत?" ते म्हणाले, "एकदा सांगायचं तरी होतंस." मी म्हटलं, "तेच तर. सांगावं का लागावं?" खरं सांगायचं तर तेव्हा माझी जीभ एवढी चालत नव्हती. ती नंतर, ती नऊ वर्षं घरी बसून तयार झाली.

"त्याला दिसत नाही" हे वाक्य मीही वापरलं आहे. फार सोयीचं वाक्य आहे, सगळ्यांनाच. पण तुझा नवरा माझा मुलगा आहे, आणि त्याला न दिसायला मी शिकवलं. जेवून उठला की ताट मी उचलायचे. शाळेचा युनिफॉर्म जमिनीवर पडला की सकाळी तो इस्त्री होऊन खुंटीवर असायचा. तो कसा पोचला, हे त्याने एकदाही विचारलं नाही, आणि मीही एकदा तो जमिनीवर राहू दिला नाही. वर्गातल्या चाळीस मुलींना मी शिस्त लावली. घरी एक मुलगा होता, तो राहून गेला.

तू सांगू नका म्हणालीस. तुझ्या पत्रातलं एक अक्षर मी त्याला कळवलेलं नाही. मी त्याला माझं सांगितलं आहे. ते माझं आहे, त्याला तुझी परवानगी लागत नाही.

आणखी एक. तुला वाटलं असेल, आई येतील आणि सांभाळून घेतील. मी बॅग खाली काढली होती. ह्यांनी दोन गाड्यांच्या वेळाही बघून ठेवल्या होत्या. मग मी बॅग परत माळ्यावर टाकली. मी आले तर दुसऱ्या सकाळी तुझ्याआधी उठून बादलीपुढे बसेन, माझे हात आपोआप चालतात. राघव म्हणेल, बरं झालं आई आली. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटेल, आणि तो फक्त तुझ्याकडून माझ्याकडे आलेला असेल. अंतराला मांडीवर घ्यावंसं किती वाटतं, ते लिहीत नाही. लिहिलं तर बॅग पुन्हा खाली येईल. तू कामावर रुजू झालीस की येईन. पाहुणी म्हणून येईन, आणि बसल्या जागी चहा मागेन.

शामला

*

लष्कर, ग्वाल्हेर
१३ जानेवारी २०२५

राघव,

तुला माझ्या हातचं पत्र पाहून धस्स होईल. कोणी आजारी नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू दोन महिन्यांचा असताना मला शाळेत कायमची जागा मिळत होती. मी ती नाकारली, कारण तुझे पोतडे धुवायला घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे माणसं होती, धुणारं नव्हतं. त्यात तुझा दोष नाही. तू ओला होत होतास, ते तुझं कामच होतं. पण आता तू अडतीस वर्षांचा आहेस, आणि "मी लहान असताना तू हेच तर करायचीस" हे वाक्य तू माझ्यासमोर पुन्हा म्हणू नयेस, म्हणून हे लिहिते.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. तुला जे शिकवायचं राहिलं, ते आज शिकवते. उशिरा प्रवेश दिला आहे, तेव्हा लक्ष देऊन वाच.

घाण आधी संडासात झटकायची. मग कापड थंड पाण्याखाली धरायचं, थंडच. गरम पाणी आधी लागलं की डाग पक्का बसतो, मग साबणाचा बाप आला तरी निघत नाही. झाकणाच्या बादलीत ठेवायचं, पण दिवसापलीकडे नाही. मशीनमध्ये साबण कमी, आणि ते वासाचं मऊ करणारं औषध अजिबात नाही, त्याने कापड पाणी शोषत नाही. खळबळून दोनदा निघालं पाहिजे. साबण राहिला तर लेकीला पुरळ येईल. वाळवायचं उन्हात, पूर्ण उलगडून. वाळलं की हाताने चोळून मऊ करायचं आणि घडी आपणच करायची. वाळत घातल्यावर काम संपलं असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत.

हे रोज असतं. रविवारीसुद्धा. मूड असो नसो.

आई

*

पुणे
४ फेब्रुवारी २०२५

आई,

शाळेनंतर पहिल्यांदा एवढं हाताने लिहितोय. मराठीच्या चुका काढून परत पाठवू नकोस.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मी दिवसभर काय मजा मारतो का, असं झालं. दोन दिवस ते लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवलं. तिसऱ्या दिवशी प्रांजलीला म्हणालो, "मी तुला मदत करत जाईन." ती म्हणाली, "कुणाला?" मी म्हटलं, तुला. ती म्हणाली, "अंतरा माझं ऑफिसचं काम आहे का, मदत करायला?" आणि आत गेली. यार आई, तिने आवाजही चढवला नाही, तो तुझ्यासारखा चढवला असता तर बरं झालं असतं.

मग सुरू केलं. पहिल्या आठवड्यात गरम पाण्यात टाकले. हो, तू लिहिलं होतंस. वाचलं होतं, पण घाई होती. साताऱ्याच्या आजींनी शिवलेल्या सहा पोतड्यांवर पिवळे नकाशे पडले आहेत, ते माझे. एकदा क्लायंटचा कॉल चालू असताना अंतराने कार्यक्रम केला. मी कॅमेरा बंद करून उठलो, आणि परत येऊन खरं कारण सांगितलं. तिकडून एक जण म्हणाला, "भाई, मेरे घर में तो मुझे पता भी नहीं कि कौन करता है." त्यावर कुणी हसलं नाही.

पहाटेचं आता मी बघतो. दोन दिवस चुकलो, तेव्हा प्रांजली उठून करायला गेली नाही. बादली तशीच राहिली. वास आला. तो माझा होता हे कळायला मला दुपार झाली.

बाबांना विचारू का, तेव्हा ते काय विचार करत होते? की नको? तू सांग. मला त्यांच्यावर रागवायचं नाहीये. मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण मला वाटतं, ते काहीच विचार करत नव्हते. मीही करत नव्हतो.

राघव

*

पुणे
३ मार्च २०२५

आई,

हे पत्र ऑफिसच्या कँटीनमधून लिहिते आहे. आज पहिला दिवस. सकाळी माझं ओळखपत्र चाललंच नाही, दारावर दहा मिनिटं उभी होते. माझी खुर्ची दुसऱ्या कुणी घेतली आहे, मला खिडकीजवळची मिळाली. दोन बैठका झाल्या. पहिलीत मला काही कळलं नाही. दुसरीत एक प्रश्न विचारला, आणि सगळे माझ्याकडे वळले, कारण तो बरोबर होता.

अंतरा सकाळी पाळणाघरात राहते. तिथल्या ताई कापड वापरायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, वापरलेली नुसती पिशवीत बांधून द्या, बाकी आमचं आम्ही बघू. ती पिशवी आणि ती मुलगी, दोन्ही दुपारी राघव घेऊन येणार असं ठरलं. घरून निघताना मी त्याला कुठे काय आहे ते सांगायला लागले, आणि मग थांबले. त्याने विचारलं नव्हतं.

दीड वाजता त्याचा फोन आला. मी डबा उघडत होते. वाजू दिला. पुन्हा आला. समोरची म्हणाली, "अगं घे, बाळाचं काही असेल." माझाही हात गेला. तेवढ्यात मेसेज दिसला: "अंतरा मस्त. कपड्यांचे चिमटे कुठे असतात?"

वाळत घालणं आजवर माझ्याकडे होतं. चिमटे कुठे असतात, मला माहीत आहे. डोळे मिटून सांगितलं असतं. फोन उलटा ठेवला आणि पोळीचा घास घेतला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा समोरची माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी कुणाला बुडताना बघते आहे.

मग वाजायचा थांबला. मी जेवले, डबा धुतला, पाणी प्यायले. दोनला पाच कमी असताना मेसेज आला. एकच शब्द होता.

"सापडले."

तिसरी बैठक अडीचला आहे. जाते.

प्रांजली